‘पडदे निळे होते, एवढंच’ म्हणणाऱ्यांना

समाजमाध्यमांवर एक विनोद वर्षानुवर्षं फिरतोय. कादंबरीत लिहिलेलं असतं, ‘पडदे निळे होते.’ शिक्षक सांगतात, निळा रंग म्हणजे नायकाचं नैराश्य. लेखकाच्या मनात काय होतं? पडदे निळे होते, बस्स. त्याखाली मग ठाम दावा येतो: अभिजात कादंबऱ्यांतली प्रतीकं समीक्षकांनी मागाहून चिकटवलेली असतात, लेखकाच्या डोक्यात तसलं काही नसतं, आणि ती शोधत बसलं की गोष्टीची मजा जाते. मला हा दावा मुळातच चुकीचा वाटतो.

आधी ‘समीक्षकांनी चिकटवलेली’ हे तपासू. अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (1925) घ्या. राखेच्या ढिगांवर एका नेत्रवैद्याच्या जाहिरातीचा जुनाट फलक उभा आहे: चष्म्यामागचे दोन अवाढव्य निळे डोळे. तिथेच गॅरेज चालवणारा विल्सन, बायको मोटारीखाली चिरडून मेल्यावर, पहाटे खिडकीतून त्या डोळ्यांकडे बघत म्हणतो, देव सगळं पाहतो. सोबत बसलेला शेजारी मायकेलिस त्याची समजूत घालतो: अरे, ती जाहिरात आहे. म्हणजे ‘फलक हा फक्त फलक’ हे म्हणणं कादंबरीतच आलंय, तेही एका भल्या, समंजस माणसाच्या तोंडून. तो खरंच बोलतोय. पण वरती जाहिरातीशिवाय कुणीच नसणं हीच तर विल्सनची शोकांतिका आहे. हे कुठल्या समीक्षकाने चिकटवलं?

त्याच कादंबरीतला हिरवा दिवा बघा. तो जळतो पाण्यापलीकडे, नायक गॅट्सबीच्या दुरावलेल्या प्रेयसीच्या, डेझीच्या, धक्क्यावर. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात त्या दिव्याकडे हात पसरतो. पाचव्या प्रकरणात डेझी त्याच्या शेजारी उभी आहे, आणि निवेदक नोंदवतो की तो आता पुन्हा धक्क्यावरचा एक साधा हिरवा दिवा झाला. गॅट्सबीला भारून टाकणाऱ्या वस्तूंमधली एक कमी झाली. वस्तूला अर्थ कसा चढतो आणि कसा उतरतो, हे लेखक उघडपणे दाखवतोय. प्रतीक म्हणजे कथानकाखाली पुरून ठेवलेलं कोडं, ही समजूतच इथे टिकत नाही. ते पात्रांच्या आयुष्यात घडतं.

अमेरिकन कादंबरीकार मेलव्हिल तर आणखी पुढे जातो. ‘मोबी-डिक’मध्ये (1851) देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा कप्तान एहॅब डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो: पांढरा देवमासा जो पहिल्यांदा दाखवेल, त्याचं ते बक्षीस. नव्व्याण्णवाव्या प्रकरणात एकेक जण त्या नाण्यासमोर येतो. त्यावरच्या बुरुजात, ज्वालामुखीत, कोंबड्यात एहॅबला फक्त एहॅब दिसतो. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांपैकी स्टारबकला तीन शिखरांत ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) दिसतं. दुसरा अधिकारी फ्लास्क म्हणतो, सोनं आहे, 16 डॉलरचं. 2 सेंटला एक या भावाने 960 सिगार येतील. (हिशेबही चुकलाय, 800 व्हायला हव्यात.) निळ्या पडद्यावाल्यांचा प्रतिनिधी त्या जहाजावर आहे, आणि त्याचं बोलणं हेही इतरांइतकंच एक वाचन आहे.

आता ‘लेखकाच्या डोक्यात नव्हतं’ हा मुद्दा. मेलव्हिलने जानेवारी 1852 मध्ये सोफिया हॉथॉर्नला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की लिहिताना आपल्याला अंधूक कल्पना होती, हे पुस्तक रूपक म्हणून वाचता येईल. पण त्यातले बारकावे तिच्या नवऱ्याचं, म्हणजे कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नचं, पत्र वाचल्यावरच आपल्याला उलगडले. लेखकाला थोडं ठाऊक असतं, उरलेलं पानावर आपोआप जुळून येतं. एका चांगल्या वाचकाने ते दाखवून दिल्यावर मेलव्हिल काही ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणून हटून बसला नाही.

मजा जाते म्हणावं, तर वरची पानं पुन्हा उघडून बघा. डेझी भेटल्याच्या आनंदात गॅट्सबी काय गमावतो, हे दिवा नजरेआड केला तर दिसणारच नाही.

एक मात्र मान्य: वाटेल त्या वस्तूला प्रतीक ठरवणारे वाचक असतात. पण इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’च्या सुरुवातीला धुकं आहे; ते पसरत पसरत न्यायालयात शिरतं, आणि त्या धुक्याच्या ऐन गाभ्यात मुख्य न्यायाधीश बसलाय असं डिकन्स स्वतःच लिहितो. प्रतीक म्हणायला असा आधार हवा. वस्तू पुन्हा येते का, मोक्याच्या जागी येते का, पुढे बदलते का? एकदाच येऊन गेलेला निळा पडदा खुशाल पडदाच राहू द्या. विनोद ज्यावर चिडलाय तो खरा दोष ‘या प्रतीकाचा अर्थ एका शब्दात लिहा’ अशा प्रश्नात आहे. त्याऐवजी वर्गात विचारावं: पहिल्या प्रकरणातला दिवा पाचव्यात साधा का वाटायला लागतो? आणि उत्तर पाठ करून नाही, ती दोन्ही प्रकरणं समोर ठेवून द्यायला सांगावं.