नॅव्हिगेशन ‘नवगति’वरून आलेलं नाही

‘नौदलाची अभिमानास्पद माहिती, प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा’ असं एक सहा मुद्द्यांचं फॉरवर्ड दरवर्षी ४ डिसेंबरच्या तोंडावर नागपुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरतं. यंदा ते आमच्या भाचीच्या नौदल दिनाच्या भाषणात जसंच्या तसं उतरलं. पोरीने पाठ केलं, घरच्यांनी कौतुक केलं, आणि सहापैकी एकही मुद्दा कुणी तपासला नाही. इथून समुद्र लांब आहे म्हणून समुद्राबद्दल काहीही खपवायचं, हे बंद झालं पाहिजे.

पहिला मुद्दा सगळ्यात लाडका: ‘नॅव्हिगेशन हा शब्द संस्कृत नवगतिः पासून आला, ही विद्या सिंधू नदीवर ६००० वर्षांपूर्वी जन्मली.’

राजेहो, आधी संस्कृत तरी नीट बघा. नाव या अर्थाचा शब्द ‘नौ’ आहे. त्याच्यापुढे स्वर आला की ‘औ’चा ‘आव्’ होतो, म्हणून नौ + इक = नाविक. पाणिनीचं सूत्रच आहे, एचोऽयवायावः (६.१.७८). पुढे व्यंजन असेल तर ‘नौ’ तसाच राहतो: नौका, नौदल. ‘गति’ची सुरुवात व्यंजनाने होते, तेव्हा समास ‘नौगति’ होईल. ‘नवगति’ म्हणजे नवी गती; त्यात नावेचा संबंधच नाही. संस्कृतचा अभिमान सांगायला निघालेल्या माणसाने संधीचा पहिला नियम मोडावा, याचा राग येतो.

आता इंग्रजी शब्द. तो सोळाव्या शतकात लॅटिनच्या वाटेने आला. लॅटिनमध्ये नाविस म्हणजे जहाज आणि आगेरे म्हणजे हाकणे. दोन्ही मिळून नाविगारे, जहाज हाकणे. नॅव्हिगेशनमधला ‘ग’ हा त्या हाकण्याचा आहे, गतीचा नाही.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. लॅटिन नाविस आणि संस्कृत नौ एकाच जुन्या मुळातून निघालेत. पण त्या बहिणी आहेत, एकीच्या पोटी दुसरी जन्मलेली नाही. आणि फॉरवर्डवाल्याला खरंच अभिमानाची गोष्ट हवी होती तर ती शतपथ ब्राह्मणात तयार होती. दुसऱ्या कांडात (२.३.३.१५) अग्निहोत्राला स्वर्गाकडे नेणारी नौ म्हटलंय आणि दुधाची आहुती देणाऱ्याला त्या नौकेचा ‘नावाज’, म्हणजे नावाडी. नावाज = नौ + अज्. अज् म्हणजे हाकणे, तोच धातू जो लॅटिनमध्ये आगेरे झाला. नाविगारेची खरी जोडीदारीण ही! दोन्ही घटक जुळतात, अर्थ जुळतो, नियम मोडावा लागत नाही. हे सोडून पोरांना बनावट शब्द पाठ करायला लावतात.

६००० वर्षांचा आकडाही उगाच फुगवलेला. मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) अक्कडच्या सारगोन राजाच्या लेखात मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागल्याचा उल्लेख आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो काळ साधारण ४३०० वर्षांपूर्वीचा. एवढं जुनं आणि लेखी असताना वर १७०० वर्षं चिकटवायची गरज काय?

दुसरा मुद्दा ‘पितळी माकडाचे गोळे गळून पडतील इतकी थंडी’ अशा अर्थाच्या एका इंग्रजी म्हणीचा. ‘जहाजावर तोफगोळ्यांचा ढीग ‘मंकी’ नावाच्या पितळी ताटावर रचत. थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आकसून गोळे घरंगळत, त्यावरून पितळी माकडाची म्हण आली.’ यात विज्ञान आहे असं वाटतं म्हणून शिक्षकसुद्धा फसतात. तर मोजून बघा. पितळ दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १९ भाग आकसतं, लोखंड सुमारे ११ ते १२. ताट एक मीटरचं धरा आणि तापमान ३५ अंशांनी उतरवा, म्हणजे नागपूरच्या मे महिन्याच्या दुपारवरून थेट जानेवारीच्या पहाटेवर. पितळ ०.६६ मिलिमीटर आकसेल, लोखंड ०.४०. फरक पाव मिलिमीटर. ३२ पौंडी गोळ्याचा व्यास १५ सेंटिमीटरहून जास्त असतो. एवढ्याने तो जागचा हलतही नाही.

आणि मुळात हलत्या जहाजावर गोळ्यांचा मनोरा रचेल कोण? पहिल्याच लाटेला ते डेकभर सुटतील आणि लोकांचे पाय मोडतील. हाताशी लागणारे गोळे लाकडी फळ्यांत कोरलेल्या खळग्यांत, एकाशेजारी एक, तोफांच्या मध्ये आणि डेकवरून खाली उतरायच्या तोंडांच्या कडेने ठेवत. बाकीचे तळाच्या कोठारात, कारण तेवढं वजन खालीच हवं. खरी चिंता गंजाची. गोळा नळीपेक्षा किंचित लहान असतो. गंजाचे पापुद्रे चढले की तो नीट सरकत नाही, भरताना अडकतो. म्हणून खलाशी गोळे खरवडत बसत.

म्हणीचं जुनं रूपही या गोष्टीच्या विरोधात जातं. हर्मन मेलव्हिलच्या १८४७ च्या ‘ओमू’ कादंबरीत पितळी माकडाचं नाक वितळेल इतकं गरम होतं, असं वाक्य आहे. तिथे थंडी नाही, गोळे नाहीत, ताट नाही. नाक असलेली माकडाची मूर्ती आहे.

तिसरा मुद्दा जहाजाच्या वेगाच्या मापाचा, म्हणजे नॉटचा (तासाला एक सागरी मैल): ‘नॉट’ म्हणजे दोराला दर मैलावर मारलेली गाठ. गाठ खरी, हे द्यावं लागेल. मैल साफ चूक. मैलामैलावर गाठी मारलेला दोर जहाजावर ठेवायचा कुठे? प्रत्यक्षात पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी, गोल कडेला शिसं ओतलेली, म्हणजे पाण्यात उभी राहते. ती मागून सोडायची. जहाजामागचं खळबळलेलं पाणी पार होईपर्यंतचा दोर आधी जाऊ द्यायचा, तिथे बांधलेली चिंधी हातातून गेली की २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, आणि वाळू संपेपर्यंत किती गाठी सुटल्या ते मोजायचं. गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच, कारण ६०८० फुटांच्या सागरी मैलाशी त्याचं नातं तेच, जे २८ सेकंदांचं तासाशी. ओल्या हवेत वाळू मंद पडते, दोर ताणला जातो, आकडा चुकतो; म्हणून दोर पुन्हा पुन्हा मोजावा लागे. आणि भाषणातलं ‘नॉट प्रति तास’ खोडा. नॉटमध्ये तास आलाच.

बाकीचे पटकन. ‘पॉश’ हा मुंबईच्या बोटीच्या तिकिटावरचा, जाताना डावी आणि येताना उजवी बाजू सांगणारा शिक्का (पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम): असं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही आणि शब्द १९१४ मध्ये छापील आहे, तर ही कथा १९३५ च्या सुमाराची. त्या बाजूच्या खोल्या कमी तापत, एवढंच खरं. २१ तोफांची सलामी १७७६ या अमेरिकेच्या स्वातंत्र्यवर्षाच्या अंकांची बेरीज म्हणून: अमेरिकेने आपल्या अध्यक्षासाठी २१ चा आकडा १८४२ मध्ये ठरवला, त्याआधी तिथे राज्यांइतक्या तोफा उडत. खताच्या पेट्यांवरच्या शिक्क्याच्या आद्याक्षरांतून आली म्हणतात ती इंग्रजी शिवी तर शाळेच्या भाषणात असायलाच नको. तो शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, आद्याक्षरांचा नाही.

रिकाम्या झालेल्या जागी काय घालायचं, तेही सांगतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला घाला. नौदल दिन त्यासाठीच आहे. आणि खलाशांच्या बोलीबद्दल बोलायचं असेल तर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांत क्रेनखाली उभ्या माणसाची हाक ऐका. भार उचलायचा तर ‘हाबीस’, खाली सोडायचा तर ‘आरिया’. आरिया हा पोर्तुगीज ‘आरियार’, म्हणजे शीड किंवा दोर खाली सोडणे. पोर्तुगीज जहाजांवरून तो लस्करांच्या, म्हणजे परक्या जहाजांवरच्या आपल्याकडच्या खलाशांच्या, तोंडी आला, पुढे गोदीत आणि गोदीतून कारखान्यात. लस्करांचा मुकादम तो सारंग, तो शब्द फारसी ‘सरहंग’ म्हणजे सेनानायक यावरून. थॉमस रोबकने ही सगळी बोली १८११ मध्ये कलकत्त्याला कोशात छापली आहे.