नवेगावबांधच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर: तो तलाव बांधलेला आहे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सार असा: गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानात आम्ही नऊ माणसांचं लटांबर नेलं. त्यात ८१ वर्षांची आजी आणि ४ वर्षांचं पोर. जिप्सीत पोर रडलं. निसर्गनिर्मित तलावाच्या काठी आम्ही डबे उघडले. वाघ दिसला नाही म्हणून अर्धा लेख जेवणावर लिहिला. जंगल वन्यजीवांचं आहे, घरच्या सहलींचं नाही. म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, सोडूच नये.

पोर रडलं, हे खरं आहे. भाचा शनिवारी पहाटे चारला उठला होता, जानेवारीची थंडी होती आणि उघड्या गाडीत वारं थेट तोंडावर येत होतं. तासाभरानं त्याचा धीर सुटला. गाइड जवळच्याच गावचा होता, त्यानं गाडी वळवायला सांगितलं आणि आम्ही वळलो. मूळ लेखात मी हे एका ओळीत, जणू गंमत म्हणून लिहिलं होतं. ती चूक होती. आमच्या मागच्या गाडीतली माणसं शांतता ऐकायला आली असतील आणि त्यांना आमच्यामुळे रडणं ऐकावं लागलं. इतक्या लहान मुलाला सकाळच्या सफारीला न्यायला नको होतं, हे मला मान्य आहे. लेखातली ती ओळ मी बदलली आहे.

आजीबद्दलचं मात्र मान्य नाही.

तिला आम्ही उचलून नेलं नाही, तिनं आम्हाला नेलं. दिवाळीपासून ती बाबांच्या मागे लागली होती, "एकदा बांध दाखव." तिचं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. लग्न होऊन ती आमच्या गावी आली ती छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत बसून. पुढे भाऊ गेले, घर विकलं गेलं आणि तिकडे जायचं कारणच उरलं नाही. शनिवारी ती जिप्सीत चढली ती प्लास्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून, दादाच्या खांद्याचा आधार घेऊन. आत गाडीतून खाली उतरता येत नाही, चार तास बसून राहावं लागतं, हे आम्ही तिला आधीच सांगितलं होतं. पोरामुळे ती सफारी निम्म्यातच संपली. रविवारी ती म्हणाली, तुम्ही जा, मी पाळीवर बसते. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. मीही तिच्याजवळ थांबले. दोन दिवसांतली सगळ्यात मोलाची सकाळ हीच होती. दादाच्या गाडीला चितळ, गवा आणि एक अस्वल दिसलं. मला त्याची जराही रुखरुख नाही.

आता तुमच्या एका शब्दाबद्दल. तुम्ही 'निसर्गनिर्मित' तलाव म्हणालात. तो निसर्गानं केलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं त्या भागात सांगतात. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा पाळी घालून बुजवल्या आणि पाणी अडवलं. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. बांधकामात त्यांनी कोलू पाटलाला हात दिला, अशी कथा आहे. पुढे लोकांनी त्यालाच देव केलं. कोलासूर देव म्हणून त्याचं ठाणं तिथल्या टेकडीवर आहे. राष्ट्रीय उद्यान झालं १९७५ साली आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली. तोवर त्या पाण्यावर कितीतरी पिढ्यांचा धान पिकून गेला होता.

आजीचे वडील पाणकर होते. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) कधी आणि किती वेळ जाणार, हे बघणारा माणूस. रविवारी सकाळी पाळीवर शाल पांघरून बसल्या बसल्या तिनं एक काडी घेतली आणि मातीत आपल्या गावच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, काढून दाखवलं: एकाखाली एक भोकं आणि प्रत्येकाला लाकडाचं बूच.

"आदी वरचं भोक उघडाचं, मंग त्याच्या खालचं. एकदम खालचं उघडलं त पानी जोर करते."

मी कृषी शाखेची पदवीधर आहे. तलावाचं पाणी असं वरून थराथरानं सोडायचं असतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मग ती लांबच्या गवताकडे बघून देवधानाबद्दल बोलायला लागली. पाण्यात आपोआप उगवणारा तो तांदूळ, नांगर न लागलेला, म्हणून ऋषिपंचमीला चालणारा. तिची आई मासेमारी करणाऱ्या होडीवाल्या ढिवरांकडून तो पायलीनं घ्यायची. हे तिनं मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. घरात पलंगावर बसून तिला ते आठवलंही नसतं; पाणी समोर आलं तेव्हा आठवलं.

सफारीहून परतल्यावर माझी अकरा वर्षांची मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली. दुर्बिणीतून तिला पानांवर चालणारा कमळपक्षी दिसला. पणजीच्या डोळ्याला दुर्बीण लावून दिली, तर पणजीनं ती बाजूला केली. तिला तो नुसत्या डोळ्यांनी, चालीवरून ओळखता येत होता. मुलीनं वहीत तुडूमाचं चित्र काढून घेतलं. वाघाचं नाही काढलं, कारण वाघ दिसलाच नाही.

वाघाबद्दल थोडं. नवेगाव म्हणजे ताडोबा नव्हे. इथं वाघ मुळातच कमी, म्हणून तर मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. कान्हा, पेंच आणि ताडोबा यांच्या मधलं हे जंगल आहे, वाघांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचं. इथं वाघ न दिसणं ही रड नाही आणि मी ती रडलेही नाही. लेखात पाण्याबद्दल आणि जेवणाबद्दल लिहिलं, कारण माझ्या मते तो विषयच तेवढा मोठा आहे. तांदळाची भाकर, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. यातलं वांगं सोडलं तर बाकी सगळं त्या तलावांच्या ओलीवर उभं आहे. धान निघाला की त्याच बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोरी आणि जवस येतात. डबे आम्ही कोअरमध्ये उघडले नाहीत. पाळीजवळ, जिथं बसायला परवानगी आहे तिथं उघडले, आणि खरकटंसुद्धा पितळी डब्यातून परत आणलं. त्याच पाळीवर एक घोळका मोठ्यानं स्पीकर लावून बसला होता. त्यांच्यावर तुम्ही चिडला असतात, तर मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते.

मला खटकतं ते तुमचं मूळ गृहीतक. जंगल म्हणजे जिथं माणसाचा हात लागलेला नाही ते, आणि माणूस आला की ते बिघडलं. निदान आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ते खरं नाही. सारसच बघा. महाराष्ट्रात आज सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलेत, आणि ते घरटं करतात धानाच्या बांधीत, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच ढिवर समाजाच्या बायकांनी गावतलावांत माजलेली बेशरम ही झुडपं मुळासकट उपटली आणि तिथल्या मूळच्या पाणवनस्पती परत लावल्या, तेव्हा मासे वाढले, पक्षी आले. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे आले, 'मामा' (माजी मालगुजारी) तलाव हे नाव उरलं. पाणकराचं काम मात्र बहुतेक गावांत हळूहळू थांबलं, आणि किती तलाव गाळानं भरले ते कोणत्याही गावच्या पाळीवर उभं राहून दिसतं. पाणी कसं राखायचं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचं वय आज आजीएवढं आहे. त्यांना तुम्ही गेटाबाहेर ठेवायला सांगता.

नियम हवेत. मुलांसाठी वयाची अट घातली तर मी ती पाळीन. जिप्सीला चढायला नीट पायरी आणि गेटाजवळ म्हाताऱ्या माणसाला वापरता येईल असं स्वच्छतागृह असावं, एवढं माझं मागणं आहे.

परतताना आजीनं तिच्या माहेरच्या गावावरून गाडी न्यायला लावली. तलाव आहे. तुडूम राहिलेलं नाही, त्याजागी लोखंडी चाकाचं गेट बसवलंय. ती गाडीतून उतरली, पाळीवर चढली आणि मुलीला म्हणाली, "तुझी वही आन. या जागी होतं ते."