ओळखीचे तेवढेच वाजवणारे स्टेशन

आज सकाळी मुलाला शाळेत सोडताना गाडीत एक व्यावसायिक इंडी (स्वतंत्र वळणाचे गिटार-संगीत वाजवणारे) रेडिओ स्टेशन लावले होते. लंडनमधल्या वेम्ब्लीच्या वाहतूककोंडीत जेवढी गाणी वाजली, ती जवळपास सगळी माझ्या पंचविशीतली होती. मुलाने विचारले, "बाबा, इथे बायका गात नाहीत का?" तेव्हापासून चिडचिड होते आहे.

१९९७ च्या उत्तरार्धात, लंडनमधल्या माझ्या भाड्याच्या घरातल्या सामाईक स्वयंपाकघरात, रेडिओवर कॉर्नरशॉप या बँडचे आशा भोसले यांच्यावरचे गाणे लागले होते. लेस्टरमध्ये जमलेल्या या बँडचा तजिंदर सिंग गिटारच्या संथ ठेक्यावर, इंग्रजीत, आमच्या आशाताईंचे नाव घेत होता आणि शेजारच्या खोलीतला आयरिश भाडेकरू मला त्या कोण म्हणून विचारत होता. ते मूळ गाणे तेव्हा ब्रिटनमधल्या गाण्यांच्या विक्रीच्या यादीत ६० व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. पहिला क्रमांक मिळाला तो फेब्रुवारी १९९८ मध्ये, डीजे नॉर्मन कुकने वेग वाढवून केलेल्या रिमिक्सला. बीबीसीवरचे निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र रिमिक्स गाजण्याआधीच मूळ गाण्याला वर्षातले सर्वोत्तम गाणे ठरवले होते.

व्यावसायिक स्टेशने गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून लोकांची पसंती अजमावतात आणि त्यावर यादी ठरवतात. अशा चाचणीत आधी कानांवरून गेलेलेच गाणे जिंकणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आशाताईंचे ते संथ गाणे तिथे पहिल्याच फेरीत बाद झाले असते आणि त्या आयरिश माणसाने मला काहीही विचारले नसते.

१९९७ साली सुरू झालेले लंडनचे इंडी स्टेशन 'एक्सएफएम' वर्षभरातच कॅपिटल रेडिओच्या ताब्यात गेले. पुढे ते ग्लोबल कंपनीकडे आले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचे 'रेडिओ एक्स' झाले, तेव्हा कंपनीने ते २५ ते ४४ वयोगटातल्या पुरुषांसाठी असल्याचे जाहीरच केले होते. जाहिरातदारांना कोणते कान विकायचे हे ठरले की उरलेल्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर बसून प्रश्न विचारायचे!

मान्य आहे, बीबीसीच्या 'सिक्स म्युझिक' या स्टेशनला लोक भरतात त्या टीव्ही परवाना शुल्काचा आधार आहे आणि या व्यावसायिक स्टेशनांना पगार जाहिरातींतूनच द्यावे लागतात. त्याच रेडिओ एक्सवर निवेदक जॉन केनेडी यांनी 'एक्स-पोजर' या कार्यक्रमातून वर्षानुवर्षे नव्या बँडांना जागा दिली, हेही खरे. पण ती जागा रात्री उशिराची, शाळकरी मुले झोपल्यानंतरची.

राग जरा निवळल्यावर एवढेच वाटते, की त्या गाण्यातले नाव ऐकताच कान टवकारणारी हजारो माणसे हॅरो-वेम्ब्लीत राहतात, गाडीचा विमा काढतात, मोबाइल आणि साबणही विकत घेतात. निदान धंद्याच्या हिशेबाने तरी कुणी त्यांना श्रोते मानायला हवे होते.