कीबोर्ड अडला की ड्रायव्हरच दोषी, हे खरे नाही

‘कीबोर्ड नीट चालत नसेल तर ड्रायव्हर जुना झालेला असतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 2006 सालची तारीख दिसली की ड्रायव्हर अपडेट करणारे सॉफ्टवेअर डाउनलोड करा, नाहीतर विंडोज नव्याने टाका,’ असा सल्ला व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो आहे. तो मानणाऱ्याचे नुकसान होऊ शकते, म्हणून हा प्रतिवाद. ड्रायव्हर म्हणजे कीबोर्डसारखे उपकरण विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम, आणि डिव्हाइस मॅनेजर म्हणजे संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी.

प्रथम तारीख. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक ड्रायव्हरांवर 21 जून 2006 ही तारीख मुद्दाम घातलेली असते. दोन ड्रायव्हर सारखेच योग्य ठरले तर विंडोज नव्या तारखेचा निवडते. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ड्रायव्हरची तारीख मागे ठेवली की यंत्राच्या उत्पादकाने दिलेल्या ड्रायव्हरला प्राधान्य मिळते. अगदी नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही हीच तारीख दिसते. तिच्याखालचा आवृत्ती क्रमांक पाहिला, तर तो चालू विंडोजशी जुळणारा असतो.

बिघाडाचे खापर ड्रायव्हरवर फोडण्याआधी एक साधी चाचणी करावी. संगणक सुरू होताच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जावे; तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळे तिथेही कळा चालत नसतील तर दोष केबलचा, यूएसबी पोर्टचा किंवा खुद्द कीबोर्डचा आहे. दोनचारच कळा मेल्या असतील तरीही बहुधा तेच, कारण साऱ्या कळांचे संकेत एकाच ड्रायव्हरमधून जातात.

कळा उशिरा उमटत असतील तर फिल्टर कीज हे चुकून दाबलेल्या कळा गाळणारे विंडोजचे सेटिंग तपासावे. उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबली गेली की ते सुरू करायचे का, अशी विचारणा होते. नकळत होकार गेला की झटपट दाबलेल्या कळांची दखलच घेतली जात नाही. मराठी इन्स्क्रिप्ट (देवनागरी लिहिण्याची कळांची मांडणी) चालू राहिल्याने इंग्रजी J ची कळ दाबून र उमटत असेल, तर विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदलणे पुरते.

ड्रायव्हर खरोखर बिघडतो तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि अनेकदा कोड 39 किंवा कोड 19 दिसतो. काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, उरलेली नोंद हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी माउसने कीबोर्ड ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज ड्रायव्हर आपणहून पुन्हा बसवते. पासवर्डसाठी लॉगिनच्या पडद्यावर ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतोच. एवढ्याने भागले नाही, तर रजिस्ट्रीतील ती उरलेली नोंद जाणकाराकडून काढून घ्यावी. त्यासाठी विंडोज नव्याने टाकावे लागत नाही. आणि कुठूनही आणलेल्या अपडेटरला तर हात लावू नये, कारण कीबोर्डच्या ड्रायव्हरची जागा घेणाऱ्या प्रोग्रामला नेटबँकिंगच्या पासवर्डसकट प्रत्येक कळ वाचता येते.