‘मराठीत हे बसतच नाही’ म्हणणाऱ्यांना

‘स्वतःला ना बाई ना पुरुष म्हणवणाऱ्यांना आता श्री की श्रीमती, हेही विचारायचं? हे साहेबाच्या देशातलं फॅड आहे. मराठीत क्रियापदालासुद्धा लिंग असतं, त्यामुळे इथे हे बसतच नाही. मूठभर लोकांसाठी भाषा मोडू नका.’ हा मजकूर आमच्या नात्यातल्याच तिघांनी मला पाठवला. माझं धाकटं भावंड स्वतःला स्त्रीही मानत नाही आणि पुरुषही नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

फॅडचा मुद्दा आधी. इंग्रजीत मिस्टर-मिसेसऐवजी वापरलं जाणारं ‘मिक्स’ हे संबोधन 1977 साली अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं होतं, म्हणजे ते कालपरवाचं नाही. पण ते मराठीत आणा असं मी म्हणतच नाही. स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणारी माणसं आपल्याकडे परदेशातून आलेली नाहीत. 2019 साली संसदेने तृतीयपंथीयांविषयी कायदा केला, त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा यांच्यासोबत ‘जोगता’ हा शब्द आहे. यल्लम्मा देवीला वाहिलेले हे जोगते महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गावांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहेत. माझं भावंड जोगता नाही, दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण दोनाच्या पलीकडे माणूस असतो हे मराठी माणसाला नव्याने शिकवावं लागत नाही.

आता व्याकरण. इथे मजकूर लिहिणाऱ्याने मराठी नीट ऐकलेलीच नाही. ‘तुम्ही केव्हा आलात?’ यात समोरचा बाई की पुरुष, कळतं का? ‘आम्ही निघालो’ बायकाही म्हणतात, पुरुषही. ‘मी उद्या येईन’, ‘मला भूक लागलीय’, ‘मी भाकरी खाल्ली’ यांतलं एकही वाक्य बोलणाऱ्याचं लिंग सांगत नाही. भाकरी खाल्ली, भात खाल्ला. क्रियापद भाकरीचं आणि भाताचं ऐकतं, खाणाऱ्याचं नाही. आदरार्थी बोलताना ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांना विचारा’, ‘त्यांचं घर’ हे सगळ्यांना सारखंच. अडतं ते ‘मी जातो की जाते’ आणि ‘ते आले की त्या आल्या’ इथे. ही अडचण खरी आहे, मी ती झाकत नाही. पण कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात आणि त्यांच्या बोलण्याने मराठी मोडलेली नाही.

शिवाय आपल्याकडे तिसरं लिंग आहेच. मूल, लेकरू, भावंड. नवरा-बायको मिळून आली तर ‘दोघं आली’ म्हणतो, ते नपुंसकलिंगी अनेकवचनच. मात्र मोठ्या माणसाला एकवचनी ‘ते आलं’ म्हटलं तर लहान मुलाबद्दल किंवा वस्तूबद्दल बोलल्यासारखं वाटतं, म्हणून ते परस्पर चिकटवू नये. ज्याचं त्याला विचारावं. माझ्या भावंडाने सांगितलं, ‘ते आले’ म्हणा. आईला सुरुवातीला जड गेलं. आता ती स्वयंपाकघरातून ‘ते जेवले का गं?’ असं विचारते.

‘आदर दाखवायला श्री, श्रीमती लागतंच’ हेही खरं नाही. डॉ., प्रा., ॲड. यांतलं काहीच लिंग सांगत नाही. ‘मूर्ती’ स्त्रीलिंगी, तरी न्यायमूर्ती रानडे म्हणताना कुणी अडखळत नाही आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर म्हणतानाही नाही. श्रीमतीचंच बघा. मराठीत ते बराच काळ विधवांच्या नावामागे लावलं जाई, आज कुणाही स्त्रीला लावतात. पुरुषाला एक ‘श्री.’ जन्मभर पुरतं. बाईला मात्र कु., सौ., गं. भा. अशी नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून बदलणारी पाटी होती. कित्येकींनी ती काढून टाकली आणि नुसतं नाव लिहायला लागल्या. 2023 साली राज्याच्या एका मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द पुन्हा सुचवला तेव्हा बायकांनीच विरोध केला. मला काय म्हणायचं ते मी ठरवेन, हेच त्याही सांगत होत्या.

मूठभर? 2011 च्या जनगणनेत 4,87,803 जणांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. त्यात सगळे माझ्या भावंडासारखे नसतील. पण माझं भावंड एकटंच असतं तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. एका कार्यालयात त्यांचा अर्ज मागे ठेवला होता, का तर नावामागचा रकाना रिकामा होता. सगळी कागदपत्रं जोडलेली असताना माणूस तासभर खिडकीसमोर उभा राहिला.

गेल्या आठवड्यात घरच्या लग्नाच्या पत्रिका लिहायला बसलो. भावंडाच्या पाकिटावर काय लिहू म्हणून काकांनी पेन थांबवलं. मी पूर्ण नाव सांगितलं आणि पुढे ‘यांस, स. न. वि. वि.’ त्यांनी लिहिलं, आणि पुढचं पाकीट घेतलं.