बाकडं बसवलंय की नुसतं ठेवलंय?

कुठल्याही बागेत बघा, बाकड्याच्या पाठीवर "यांच्या सौजन्याने" हातभर अक्षरात आणि खाली पायाला पेव्हर ब्लॉकमधे ठोकलेले दोन बोल्ट. अहो पेव्हर कच-वाळूवर नुसते मांडलेले असतात, पोरं पाठीवर चढून बसली की पुढचे पाय उचलतात आणि बोल्ट ब्लॉकसकट वर येतो. माझं तर स्पष्ट मत आहे, पायाखालचे ब्लॉक काढा, खड्डा घेऊन काँक्रीट भरा, पाणी मारा आणि मगच ड्रिल. काँक्रीटची पूर्ण ताकद धरतात ती 28 दिवसांची, पण आपल्याकडे उद्घाटन परवा असतं.

आणि खाली चांगलं काँक्रीट असलं तरी मिस्त्री काय करतो बघा. भोक मारलं की आतली धूळ तशीच, वरून अँकर, म्हणजे भोकात बसणारा बोल्ट, ठोकायचा. मग पाना फिरतोय, नट फिरतोय आणि त्याच्याबरोबर अख्खा बोल्ट गोल फिरतोय, की साहेब शांतपणे तारेचा तुकडा भोकात कोंबतात आणि "झालं घट्ट" म्हणतात!! अँकर आत फुगून भोकाच्या भिंतीला धरतो, भोक ढिलं किंवा धुळीनं भरलेलं असेल तर तो धरणार कशाला? आधी ब्रश फिरवा, हवा मारा, दोन मिनिटांचं काम. ओट्याच्या अगदी कडेला तर फुगणारा अँकर नकोच, कड फुटते, तिथं केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन (गोंदासारखं रसायन) भरून चिकटवलेला बोल्ट, लावा, जरा महाग पडतो पण आतून फाकवत नाही.

भंगारवाल्यांच्या भीतीनं नटाला वेल्डिंगचा टाका मारतात, ठीक आहे, फक्त गॅल्व्हनाइज्ड असेल तर तिथलं जस्त जळतं, वर झिंकचा रंग हवा नाहीतर गंज तिथूनच धरतो. केमिकल अँकरवर मात्र वेल्डिंग नको, उष्णतेनं रेझिन जातं, तिथं नटाबाहेरचे आटे ठेचून टाका. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ साधे बोल्ट वापरून पैसे घालवू नका, 316 ग्रेडचं स्टेनलेस घ्या.

आता सोसायटीवाल्यांसाठी. गच्चीवर बाकडं हवंय म्हणून ड्रिल घेऊन कुणी आला तर त्याला जिन्यातच अडवा. कोब्याला भोक पडलं की वॉटरप्रूफिंगची वाट लागली, जुलैत वरच्या मजल्यावाले बादल्या घेऊन मीटिंगला येतील. तिथं न उलटणारं रुंद पायाचं बाकडं ठेवा, पायाखाली रबर घाला आणि ते कठड्यापासून लांबच असू द्या, पोरं त्यावर चढतातच.