चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका

गेल्या उन्हाळ्यापासून एक मजकूर मोबाइलवर फिरतोय. गाडीची कॅम्पर व्हॅन करून फिरणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तो एकदा तरी येऊन गेलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: स्टिअरिंगसमोरच्या मीटरमधले धरून गाडीतले सगळे बल्ब काढा आणि एलईडी लावा. १२ व्होल्टची एलईडीची पट्टी सरळ बॅटरीला जोडा. एलईडी करंटच खात नाही, तेव्हा फ्यूज कशाला? एलईडी तापत नाही. बॅटरी दहा रात्री पुरते. आणि पांढऱ्याशुभ्र उजेडाला किडे येत नाहीत.

मी पांढरकवड्याजवळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ नंबरचा महामार्ग इथूनच जातो, म्हणून लांबलांबच्या व्हॅन दारात थांबतात. आपल्या भागातल्याही असतात, जुन्या गाडीत दोन फळ्या आणि गाद्या टाकून शेगाव, लोणार, ताडोबा करणाऱ्या. एलईडी मी स्वतः लावून देतो, आनंदाने देतो. पण हा मजकूर वाचून केलेलं काम उलगडायला गाड्या येऊ लागल्यात, आणि त्यांत लेकरंबाळं बसलेली असतात. म्हणून लिहितोय.

सुरुवात मीटरपासून करतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

एप्रिलमध्ये एक निवृत्त गुरुजी, त्यांच्या घरच्या आणि दोन नातवंडं माहूरहून परत येत होती. घाटंजीच्या पुढे हेडलाइट पिवळे पडत गेले. चहाला थांबले, तर सेल्फ लागेना. धक्का देऊन गाडी चालू झाली असती, पण दिव्यांशिवाय त्या रस्त्याने न्यायची कशी? शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरला दोर लावून माझ्याकडे आणली. गुरुजी म्हणाले, “भाऊ, बॅटरी तं दिवाळीलाच नवी टाकली, मग काहून बसली?”

दुसरी बॅटरी लावून गाडी चालू केली. अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारं यंत्र, चार्ज करत असेल तर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. दिसत होते १२.२. रेस दिली तरी काटा हलला नाही. मी विचारलं, “चार्जिंगचा लाल दिवा लागला होता का?” गुरुजी म्हणाले, “नाही जी, एकदाही नाही. म्हणून तं निर्धास्त होतो.”

चावी फिरवून पाहिली. गाडी बंद असताना चावीवर तो दिवा लागायलाच हवा. लागला नाही. मीटर उघडला तर आत सगळीकडे एलईडी.

जुन्या गाड्यांत तो लाल दिवा फक्त सूचना देत नाही. अल्टरनेटरला वीज तयार करायची तर आतल्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, आधी थोडा करंट द्यावा लागतो, त्याशिवाय चुंबक उठत नाही. तो करंट याच बल्बातून जातो. २–३ वॅटचा बल्ब साधारण ०.२ अँपियर सोडतो. त्याच्या जागी बसवलेला छोटा एलईडी १०–२० मिलीअँपियर, म्हणजे दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. कधी जास्त रेस दिल्यावर अल्टरनेटर उठतो, कधी उठतच नाही. त्यात एलईडी हा डायोड आहे, एकाच दिशेने चालतो. गुरुजींच्या गाडीत तो उलटा बसला होता, त्यामुळे चार्जिंगही नाही आणि सूचनाही नाही. मी तो सुलटा केला, तर दिवा लागला आणि लागूनच राहिला. चार्जिंग तरीही शून्य. काढलेले बल्ब गुरुजींनी काडेपेटीत जपून ठेवले होते. त्यातला एक परत बसवला आणि बॅटरीवर लावलेला व्होल्टमीटर १४.१ वर गेला.

काही गाड्यांत त्या बल्बाला जोडून रेझिस्टर (करंट ठरावीक मापात ठेवणारा छोटा भाग) दिलेला असतो, आणि नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर पाहतो. तिथे ही अडचण येत नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाला “मीटरमधले सगळे काढा” असं सांगणं म्हणजे त्याला रात्री रस्त्यात उभं करणं आहे.

मीटरमधल्या बाकीच्या दिव्यांचंही एकेक पाहावं लागतं. काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्ही साइड इंडिकेटरला मीटरमध्ये एकच हिरवा दिवा असतो, दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये जोडलेला. करंट कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे. तिथे एलईडी टाकला की एकाच बाजूला लागतो. काटे दिसण्यासाठीचा जो उजेड असतो, तो मात्र खुशाल एलईडी करा. पण मंद उजेडाचे घ्या, कारण जुन्या डिमरची चकती फिरवून एलईडी नीट मंद होत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट रात्री चढताना मीटर डोळ्यांत घुसत असेल, तर वळणावर उभं असलेलं जनावर उशिरा दिसतं. लाल काच असेल तर मागे लालच एलईडी लावा. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंग कमी असतो, काटा मळकट दिसतो.

आता फ्यूज. “एलईडी करंट खात नाही म्हणून फ्यूज नको” हे वाक्य वाचलं तेव्हा मला राग आला. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. दिवा एक वॅटचा असो की पन्नासचा, वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली आणि बॉडीला टेकली की बॅटरी शेकडो अँपियर ओतते. बारीक वायर काही क्षणांत लाल होते. व्हॅनमध्ये त्या वायरीला लागून काय असतं? प्लायवुड, फोम, पडदे, आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी. एका गाडीचं छत उघडलं तेव्हा प्लायवुडवर वायरीच्या वाटेने, वळणासुद्धा घेत, काळी रेघ उमटलेली होती. ती वायर वितळून तुटली म्हणून गाडी वाचली. आत माणसं झोपलेली होती. बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ ५ अँपियरचा फ्यूज टाका. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे भोकात रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, घाला. जोड टेपने गुंडाळू नका. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद पाझरतो आणि टेप सुटते. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून वर प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवा.

पट्टीवर “१२ व्होल्ट” लिहिलेलं असतं, तेही नीट समजून घ्यायला हवं. साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका रांगेत आणि त्यांच्यासोबत एक रेझिस्टर असतो. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. तिघांचे ९ गेले, उरलेले ३ रेझिस्टरवर. गाडी चालू झाली की बॅटरीवर १४.४ येतात, तेव्हा रेझिस्टरवर ५ च्या आसपास पडतात. म्हणजे करंट दीडपटीहून जास्त. ज्या पट्टीला घरच्या अडॅप्टरवर काही होत नाही, ती गाडीत काळी पडते किंवा मधल्या तीन-तीनांच्या रांगा विझत जातात. ९ ते ३० व्होल्टवर चालणारे, आत ड्रायव्हर (करंट सारखा ठेवणारं छोटं सर्किट) असलेले दिवे मिळतात, तेच घ्या. मात्र अगदी स्वस्त ड्रायव्हर रेडिओत खरखर आणतो. दिवा लावला की आकाशवाणी नागपूर ऐकू येईना, तर दोष बहुधा तिथे असतो.

“एलईडी तापत नाही” हेही अर्धंच. बल्ब उष्णता समोर फेकतो, एलईडी मागे, आपल्याच पाटीत सोडतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या छताखाली काय होत असेल, ते हात लावून पाहा. तिथे नुसत्या गोंदावर चिकटवलेली पट्टी दुपारी लोंबायला लागते आणि आतले भाग लवकर मरतात. ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवली की पट्टीची उष्णता पसरते.

बॅटरीची बचत खरी आहे, पण हिशोब मांडून पाहा. छतावर १० वॅटचे चार बल्ब, रोज पाच तास: सुमारे १७ अँपियर-तास. तेवढ्याच उजेडाचे एलईडी घेतले तर अडीच. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोप लागते का? दीड अँपियरचे दोन पंखे नऊ तास चालले की २७ जातात. १०० अँपियर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे ५०. आधी एक रात्र जेमतेम निघायची, एलईडीने दीड रात्रीच्या वर निघेल. दहा नाही. आणि ही बॅटरी सेल्फच्या बॅटरीपासून वेगळी हवी.

किड्यांचं तर उलटंच आहे. पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. हा निळा एलईडी घडवण्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेक किड्यांचे डोळे निळ्या-जांभळ्याकडेच जास्त वळतात. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा पावसाळ्यात ताडोबाच्या बाजूला दार उघडं ठेवून लावला, तर वाळवीची पाखरं ताटात पडतील. २७०० केल्विनचा पिवळसर लावा, कमी येतील.

गुरुजींच्या गाडीत त्या रात्री मीटरमधल्या उजेडाचे एलईडी तसेच ठेवले, चार्जिंगचा आणि इंडिकेटरचा बल्ब जुना बसवला, छताच्या वायरीला फ्यूज टाकला. नातवंडं मागच्या गादीवर केव्हाच झोपली होती. गुरुजींनी चावी फिरवली, लाल दिवा लागला. गाडी चालू केली, विझला. त्यांनी गाडी बंद करून पुन्हा एकदा तेच करून पाहिलं, आणि मग घरच्यांना म्हणाले, “चाल, बस आता.”